रेशन बंद पडू नये म्हणून, आणि पडलंच तर: कोणत्या क्रमाने काय करायचं

रेशन बंद झालं की बहुतेक लोक पहिला फेरा दुकानदाराकडे मारतात, दुसरा एजंटाकडे आणि तिसरा ‘नवीन कार्डच काढू’ म्हणून सेतू केंद्रात. तिन्ही फेरे वाया जातात. नाव कापायचा किंवा चढवायचा अधिकार दुकानदाराला नाही, त्याच्या मशीनवर जे दिसतं तेवढंच तो देतो. एजंट तुमचाच अर्ज त्याच टेबलावर नेऊन ठेवतो आणि वर पैसे घेतो. नवीन कार्डाचा अर्ज तर सगळ्यात महाग पडतो, कारण त्याने तुम्ही जुने लाभार्थी न राहता रांगेतले नवे अर्जदार होता.

ही रांग खरी आहे. राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा २०१३ नुसार महाराष्ट्रासाठी साधारण ७ कोटी लाभार्थ्यांची मर्यादा ठरलेली आहे. ती जिल्ह्यांत आणि तालुक्यांत वाटून दिलेली असते. तहसील कार्यालयातल्या पुरवठा शाखेत ‘इष्टांक (म्हणजे वाट्याला आलेली लाभार्थी संख्या) शिल्लक नाही’ हे वाक्य ऐकू येतं ते यामुळेच. तुमचं नाव कमी झालं की ती जागा दुसऱ्याला जाते. म्हणजे यादीत टिकून राहणं सोपं, बाहेर पडून परत शिरणं अवघड. खालचे टप्पे याच हिशेबाने लावले आहेत: पहिले सात नाव टिकवण्याचे, शेवटचे तीन नाव परत मिळवण्याचे. रेशन आधीच बंद असेल तर तयारी आणि पहिले दोन टप्पे करून थेट आठव्यावर जा.

## तयारी: एक फाईल, घरातच

कुठेही जाण्याआधी एका फाईलमध्ये एवढं जमवा:

- रेशन कार्डाच्या सगळ्या पानांच्या झेरॉक्स. फक्त पहिलं पान नको. शिक्के, नावं आणि बदलाच्या नोंदी आतल्या पानांवर असतात.
- बारा अंकी एसआरसी नंबर. महाराष्ट्रात तो २७ ने सुरू होतो. कार्डावर छापलेला जुना नंबर हा नव्हे. दुकानातून मिळालेल्या पावतीवर बारा अंकी नंबर सापडतो.
- घरातल्या प्रत्येकाच्या आधारची झेरॉक्स, लहान मुलांसकट.
- आधारला जोडलेला मोबाईल नंबर कोणाचा कोणता, याची चिठ्ठी.
- राहण्याचा पुरावा: वीजबिल, भाडेपावती, गॅसचं कार्ड किंवा बँक पासबुक. शक्यतो गेल्या वर्षभरातला.
- उत्पन्नाचा दाखला असेल तर तो.
- रेशनच्या मागच्या पावत्या, जेवढ्या सापडतील तेवढ्या.

सावधान: मूळ कार्ड कोणाकडेही ‘ठेवून’ जाऊ नका, दुकानदाराकडे नाही आणि एजंटाकडेही नाही. अर्जाला झेरॉक्स पुरते, मूळ कार्ड पडताळणीसाठी दाखवायचं आणि परत घ्यायचं. नावात बदल करताना कार्यालयाने मूळ कार्ड जमा करून घेतलं, तर त्याची पोच आधी हातात घ्या.

## टप्पा १: आपलं कार्ड नक्की कोणत्या यादीत आहे?

रंगावरून फसगत होते. ‘आमचं केशरी आहे, मग धान्य का नाही?’ हा प्रश्न चुकीच्या जागी सुरू होतो. केशरी कार्डांतली काही प्राधान्य कुटुंब यादीत आहेत, काही नाहीत. धान्य रंगावर ठरत नाही, कार्डावरच्या शिक्क्यावर आणि ऑनलाईन नोंदीवर ठरतं.

अंत्योदयचा शिक्का असेल तर कुटुंबाला महिन्याला ३५ किलो, माणसं दोन असोत की आठ. प्राधान्य कुटुंब असेल तर माणशी ५ किलो, म्हणजे चार जणांना २० किलो. जानेवारी २०२३ पासून दोन्ही गटांना हे धान्य मोफत आहे. जानेवारी २०२४ पासून ती सवलत आणखी पाच वर्षांसाठी वाढवली. गहू किती आणि तांदूळ किती हे प्रमाण बदलत राहतं, पण एकूण किलो बदलत नाहीत.

प्राधान्य गटासाठी महाराष्ट्राने लावलेली वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ग्रामीण भागात ४४,००० रुपये आणि शहरी भागात ५९,००० रुपये. आजच्या मजुरीच्या हिशेबात हे आकडे फार तोकडे आहेत, पण अर्ज तपासणारा कारकून तेच पाहतो.

मराठवाड्याचे आठ जिल्हे, अमरावती विभागाचे पाच आणि वर्धा, अशा चौदा जिल्ह्यांत प्राधान्य यादीत नसलेल्या केशरी कार्डधारक शेतकऱ्यांना धान्याऐवजी खात्यात रोख रक्कम मिळते. तुम्ही त्यांतले असाल तर दुकानात भांडून उपयोग नाही, तुमचा प्रश्न बँक खात्याचा आहे.

तपासा: शिक्का कोणता, आणि त्या हिशेबाने महिन्याचे किलो किती? हा आकडा फाईलच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. पुढे प्रत्येक ठिकाणी तो लागेल.

## टप्पा २: कागदाचं कार्ड बाजूला ठेवा, ऑनलाईन नोंद वाचा

घरातल्या कार्डावर सहा नावं आणि मशीनवर चार, ही गोष्ट इतकी सर्रास आहे की ती गृहीत धरूनच तपासावं. ‘मेरा राशन’ ॲपवर किंवा महाईपॉस संकेतस्थळावर बारा अंकी नंबर टाकला की नोंद दिसते. फोन नसेल तर दुकानदाराला मशीनवर कार्ड उघडून नावं वाचून दाखवायला सांगा. त्याला एक मिनिट लागतं.

वाचताना चार गोष्टी पाहा. सगळी नावं आहेत का? प्रत्येकापुढे आधार जोडलेलं दिसतं का? ई-केवायसी (आधारवरून प्रत्येकाची ओळख पटवणं) झाली आहे की बाकी? आणि मागच्या महिन्यांची उचल तुम्ही केली तेवढीच दिसते का?

शेवटचा मुद्दा लोक सोडून देतात. तुम्ही २० किलो आणलं आणि नोंदीत २५ दिसत असेल, तर ५ किलो दुसरीकडे गेलं आहे. तुम्ही गेलाच नव्हता त्या महिन्याची उचल दिसत असेल, तर तो वेगळा आणि गंभीर मामला आहे. त्या पानाचा स्क्रीनशॉट काढा, दुकानदाराला विचारण्याआधी.

‘या महिन्यात थोडं कमी आलं’ हे बहुतेक वेळा पहिलं लक्षण असतं. प्राधान्य कार्डावर बरोबर ५ किलो कमी आलं तर एक नाव गेलं आहे, १० किलो कमी तर दोन. आवक कमी असेल म्हणून गप्प बसू नका. एखाद-दुसऱ्या महिन्यात कापलेलं नाव परत मिळवणं त्यातल्या त्यात सोपं असतं.

## टप्पा ३: आधी आधार नीट करा, मग ई-केवायसी

सगळ्यात जास्त नावं इथेच अडकतात, आणि क्रम उलटा केल्यामुळेच अडकतात. आधारवर ‘सुनिता’ आणि कार्डावर ‘सुनीता’, जन्मसालात फरक, आधारला जुना बंद पडलेला मोबाईल नंबर, असं असताना लोक दुकानात रांग लावतात आणि ‘होत नाही’ म्हणून परत येतात.

३.१ आधारची दुरुस्ती. आधार केंद्रात जाऊन मोबाईल नंबर चालू करून घ्या. मुलांचं पाच वर्षांनंतर आणि पंधरा वर्षांनंतर बायोमेट्रिक नव्याने द्यावं लागतं. ते राहिलं असेल तर मुलाचा अंगठा मशीनवर जुळणार नाही. आधी तिथे जा.

३.२ घरातल्या प्रत्येकाची ई-केवायसी. ‘मी दर महिन्याला अंगठा देते, मग माझ्या घराची केवायसी झालीच की’ हा समज घरोघरी आहे. धान्य उचलताना एकाचाच अंगठा लागतो. ई-केवायसी हा मशीनवरचा वेगळा पर्याय आहे आणि तो कार्डावरच्या प्रत्येक माणसाने द्यायचा असतो. आईच्या अंगठ्याने मुलाची केवायसी होत नाही.

राज्यातल्या कोणत्याही रेशन दुकानात ती होते, स्वतःच्याच दुकानात जायला हवं असं नाही. पुण्यात कामाला असलेल्या मुलाने गावी यायची गरज नाही, तो राहतो तिथल्या दुकानात आधार आणि बारा अंकी नंबर घेऊन जावं. पैसे लागत नाहीत. कोणी मागितले तर ती तक्रारीची बाब आहे.

३.३ घरबसल्या, चेहऱ्यावरून. ‘मेरा ई-केवायसी’ ॲप आणि त्याच्या जोडीला ‘आधार फेस आरडी’ अशी दोन्ही फोनवर घ्या. राज्य निवडा, ठिकाणाची परवानगी द्या, आधार नंबर टाका, आलेला ओटीपी भरा, माहिती आपलीच आहे हे पाहा, मग कॅमेऱ्यासमोर चेहरा धरून डोळे मिचकावा. उजेड चेहऱ्यावर समोरून पडू द्या. पाठीमागे खिडकी असली की हमखास अडतं. एका फोनवरून घरातल्या सगळ्यांची करता येते, मात्र प्रत्येकाच्या आधारचा ओटीपी त्याच्या त्याच्या नंबरवर जातो. चिठ्ठी करून ठेवायला सांगितलं ते त्यासाठी.

३.४ अंगठा लागत नसेल तर. विटभट्टीवर, ऊसतोडीत, धुण्याभांड्याच्या कामात बोटांच्या रेषा झिजतात. हात साबणाने धुवून पुसा, बोट अगदी कोरडं असेल तर किंचित ओलसर करा, आणि एकाच अंगठ्यावर अडून न बसता दहाही बोटं लावून पाहा. अनेकदा करंगळीशेजारचं बोट लागतं. जमलंच नाही तर डोळ्याचं स्कॅन आहे का विचारा, नव्या मशीनवर ते असतं. तेही नसेल तर वरचं चेहऱ्याचं ॲप.

अंथरुणाला खिळलेल्या माणसाला खांद्यावर घालून दुकानात न्यायची गरज नाही. पुरवठा शाखेला लेखी कळवा की या व्यक्तीची ई-केवायसी घरी येऊन करावी, आणि अर्जाची पोच घ्या.

तपासा: ‘झालं’ असं दुकानदार म्हणाला म्हणजे झालं नाही. दोन-तीन दिवसांनी ‘मेरा ई-केवायसी’ ॲपवर आधार नंबर टाका. ई-केवायसी स्टेटसपुढे ‘वाय’ हे अक्षर दिसलं तरच पूर्ण. ‘एन’ दिसलं तर पुन्हा करा.

सावधान: ई-केवायसीसाठी बँक खाते, एटीएम पिन किंवा कुठल्या लिंकवर पैसे भरणं यांपैकी काहीही लागत नाही. फोन करून ओटीपी विचारणाऱ्याला तो सांगू नका. ओटीपी आपल्याच हाताने ॲपमध्ये भरायचा असतो.

जुलै २०२५ मध्ये केंद्राच्या नियंत्रण आदेशात झालेल्या बदलानुसार ई-केवायसी दर पाच वर्षांनी करायची आहे, आणि मूल पाच वर्षांचं झालं की वर्षभरात त्याची करायची. म्हणजे हे काम एकदाच होऊन संपत नाही. आज केली ती तारीख फाईलवर लिहा.

## टप्पा ४: दर महिन्याची उचल

मशीनवर अंगठा दिला की पावती निघते. ती मागून घ्या. ‘कागद संपला’ असं सांगितलं तर वहीत तारीख आणि किलो लिहा, आणि त्याच दिवशी ॲपवर उचल किती दिसते ते बघा. काट्यावर रिकामं भांडं ठेवून शून्य झालं का पाहा, मग धान्य.

एक प्रकार फार चालतो: आधी अंगठा घेतात आणि ‘माल आला की न्या’ म्हणतात. असा अंगठा देऊ नका. मशीनच्या हिशेबी तुम्हाला धान्य मिळालेलं असतं, आणि पुढे तक्रार केली तर पुरावा तुमच्याच विरुद्ध जातो.

सावधान: त्याच २०२५ च्या बदलानुसार सहा महिने धान्य उचललं नाही तर कार्ड तात्पुरतं बंद होऊ शकतं, आणि मग तीन महिन्यांच्या आत घरी तपासणी व ई-केवायसी होऊन पात्रता ठरते. ‘या वेळी तांदूळ खराब आहे, नको’ म्हणत महिनोन्महिने न जाणारी घरं यात सापडतात. धान्य खराब असेल तर तक्रार करा, पण उचल तुटू देऊ नका.

## टप्पा ५: कामासाठी गाव सोडताना

ऊसतोडीला दिवाळीच्या सुमाराला बाहेर पडलेलं बीडचं कुटुंब मार्च-एप्रिलमध्ये परततं. मधले महिने उचल झाली नाही तर वरचा सहा महिन्यांचा काटा त्यांच्या अगदी जवळ येतो. म्हणून निघतानाच ठरवा की धान्य कुठे उचलायचं.

‘एक देश एक रेशन कार्ड’ योजनेत राज्यातल्या कोणत्याही दुकानातून आणि दुसऱ्या राज्यातूनही धान्य घेता येतं. सुरत, बेळगाव, हैदराबाद, गोवा कुठेही. वेगळं कार्ड किंवा अर्ज लागत नाही, बारा अंकी नंबर आणि आधार लागतं. निम्मं घर कारखान्यावर आणि म्हातारी माणसं गावी असतील तर धान्य वाटून उचलता येतं: कारखान्याजवळ आपला हिस्सा, उरलेला गावात. पण हे आधी घरात बोलून ठेवा. एकाने चुकून सगळं उचललं तर दुसऱ्याला त्या महिन्यात काही मिळत नाही.

परराज्यात केंद्राच्या योजनेतलं धान्यच मिळतं, आपल्या राज्याने सणासुदीला दिलेल्या जादा वस्तू तिथे मिळत नाहीत. तिथला दुकानदार ‘महाराष्ट्राचं कार्ड चालत नाही’ म्हणाला तर तिथूनच १४४४५ या क्रमांकावर फोन लावा.

## टप्पा ६: घरात माणूस वाढलं, गेलं, वेगळं झालं

लग्न. आधी माहेरच्या कार्डावरून नाव कमी करायचं, तसा दाखला घ्यायचा, मग सासरी चढवायचं. उलटं केलं तर एकाच आधारवर दोन कार्डं दिसतात आणि दोन्ही घरांची तपासणी लागते. नाव वाढवायला नमुना ८, कमी करायला नमुना ९. मधल्या काळात त्या मुलीचं ५ किलो दोन्हीकडून जातं, म्हणून कमी केल्याचा दाखला हातात पडला की त्याच आठवड्यात सासरचा अर्ज टाका.

मृत्यू. वारलेल्या माणसाचं नाव ‘चालू राहू दे’ म्हणून ठेवतात. ५ किलोच्या मोहात सगळं कार्ड संशयात येतं. शिवाय अंत्योदय कार्डावर नाव कमी केल्याने ३५ किलोला धक्का लागत नाही, हे पुष्कळांना माहीतच नसतं. वारलेली व्यक्ती कुटुंबप्रमुख असेल तर प्रमुख बदलण्याचा अर्ज सोबतच द्या. कायद्याच्या कलम १३ नुसार घरातली अठरा वर्षांवरची सर्वांत मोठी स्त्री कुटुंबप्रमुख धरली जाते.

वेगळी चूल. मुलगा वेगळा राहायला लागला की लगेच कार्ड विभक्त करायची घाई होते. थांबा. नव्या विभक्त कार्डाला अन्नसुरक्षेचा लाभ आपोआप लागत नाही. अंत्योदय कार्ड फोडलं तर ३५ किलो एकाच कार्डावर राहतं, दुसऱ्याचं काय होणार हे इष्टांकावर ठरतं. पुरवठा शाखेत आधी विचारा की वेगळं कार्ड केल्यावर धान्य सुरू राहील का. उत्तर तोंडी ‘हो’ मिळालं तरी अर्जातच लिहा: ‘विभक्त शिधापत्रिकेवर प्राधान्य कुटुंब लाभ सुरू ठेवावा.’

तपासा: कार्डावर नाव चढलं म्हणजे धान्य सुरू झालं असं नव्हे. पुढच्या महिन्यात टप्पा २ पुन्हा करा आणि किलो मोजा.

## टप्पा ७: तपासणीचा फॉर्म आला की

एप्रिल-मे २०२५ मध्ये राज्यभर अपात्र शिधापत्रिका शोधमोहीम झाली, तेव्हा दुकानांतून फॉर्म वाटले गेले. पुष्कळांनी ‘कसला तरी सर्व्हे’ म्हणून ते घरात पडू दिले. असा फॉर्म पुन्हा आला तर त्याच दिवशी भरा, राहण्याचा पुरावा जोडा, आणि खाली फाडून मिळणारी पोच सही-शिक्क्यासह घ्या. त्या मोहिमेत पुरावा न देणाऱ्यांना पंधरा दिवसांची जादा मुदत होती आणि त्यानंतर कार्ड रद्द करण्याची तरतूद होती.

भाड्याने राहणाऱ्यांची अडचण मोठी, कारण घरमालक पावती देत नाही. अशा वेळी त्या पत्त्यावर आलेलं बँक पासबुक, गॅसची नोंद किंवा मतदार ओळखपत्र चालतं. उत्पन्न खरं तेच लिहा. प्राप्तिकर भरणारे, चारचाकी गाडीचे मालक, कंपन्यांचे संचालक यांच्या याद्या आता रेशनच्या नोंदींशी ताडून पाहिल्या जातात. तुमच्या आधारवर दुसऱ्याच कोणी गाडी घेतलेली असेल तर ती नोंद आधी परिवहन कार्यालयातून दुरुस्त करून आणा, नाहीतर पुरवठा शाखेत कितीही अर्ज दिले तरी यंत्रणा तेच दाखवत राहील.

## टप्पा ८: बंद पडलंच, तर आधी कारण शोधा

अर्ज लिहायची घाई करू नका. कारण न शोधता लिहिलेला ‘आमचं रेशन सुरू करावं’ हा अर्ज टेबलावर पडून राहतो, कारण त्यावर नक्की काय करायचं हे कारकुनालाही कळत नाही. ॲपवर किंवा मशीनवर काय दिसतं ते बघा:

- कार्डच उघडत नाही. कार्ड तात्पुरतं बंद किंवा रद्द झालं आहे. न उचलल्याने, दुबार आधारमुळे की तपासणीत, हे पुरवठा शाखा सांगेल.
- कार्ड उघडतं, पण काही नावं नाहीत. तेवढीच नावं कमी झाली आहेत. ई-केवायसी बाकी होती का ते आधी पाहा.
- नावं आहेत, पण धान्य शून्य. कार्ड प्राधान्य यादीतून काढून नुसतं केशरी केलं गेलं असावं. हा सगळ्यात चिवट प्रकार, कारण कागदावर सारं ठीक दिसतं.
- सगळं आहे, फक्त अंगठा जुळत नाही. हा आधारचा प्रश्न. टप्पा ३ वर परत जा.
- सगळं आहे, अंगठाही लागतो, पण दुकानदार म्हणतो माल नाही. हा तुमच्या कार्डाचा प्रश्नच नाही. शेजाऱ्यांना विचारा, आणि सगळ्यांनी मिळून दुकानाची तक्रार करा.

शेवटच्या दोन्ही प्रकारांत लोक कार्डाच्या दुरुस्तीचे अर्ज देत बसतात आणि चांगल्या चालू कार्डात नव्या चुका घालून घेतात.

अंगठा किंवा आधार नाही म्हणून दुकानदार हात हलवत परत पाठवत असेल तर एक तारीख लक्षात असू द्या. २४ ऑक्टोबर २०१७ च्या केंद्राच्या सूचनेनुसार केवळ आधार नाही या कारणाने कार्ड रद्द करता येत नाही, आणि नेटवर्क किंवा बोटांचे ठसे यांच्या अडचणीमुळे खऱ्या लाभार्थ्याला धान्य नाकारता येत नाही. नोंद वहीत करून धान्य द्यायचं असतं. ही तारीख घेऊन बोललात तर समोरचा वेगळ्या सुरात उत्तर देतो.

## टप्पा ९: लेखी अर्ज, योग्य टेबलावर

ग्रामीण भागात आणि लहान शहरांत जागा म्हणजे तहसील कार्यालयातली पुरवठा शाखा. मुंबई-ठाणे भागात शिधावाटप कार्यालय, पुणे शहरात परिमंडळ कार्यालय. अर्ज साध्या कागदावर चालतो. मजकूर एवढाच ठेवा:

> प्रति, मा. तहसीलदार (पुरवठा शाखा)…
> विषय: शिधापत्रिका क्र. (बारा अंकी) वरील लाभ पुन्हा सुरू करण्याबाबत.
> माझी शिधापत्रिका प्राधान्य कुटुंब योजनेत आहे. अमुक महिन्यापर्यंत २० किलो धान्य मिळत होते, शेवटची पावती सोबत जोडली आहे. अमुक महिन्यापासून धान्य बंद आहे. ऑनलाईन नोंदीत अमुक व अमुक यांची नावे दिसत नाहीत. मला नोटीस मिळालेली नाही. सर्वांची ई-केवायसी अमुक तारखेला पूर्ण झाली आहे. तरी, मी जुनी लाभार्थी असल्याने, नवीन अर्जदार न समजता नावे पूर्ववत करावीत. लाभ कमी केला असल्यास त्याचे कारण व आदेशाची प्रत लेखी द्यावी.

सगळा जोर ‘जुनी लाभार्थी’ आणि ‘पूर्ववत’ या दोन शब्दांवर आहे. ते गाळू नका. नोटीस खरंच मिळाली असेल तर ते वाक्य काढा आणि नोटिशीची प्रत जोडा.

दोन प्रती न्या. दुसरीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्या. ‘ठेवून जा, बघतो’ म्हटलं तर नम्रपणे उभे राहा किंवा सरळ आवक-जावक टेबलावर द्या. तिथेही घेतलं नाही तर रजिस्टर पोस्टाने पाठवा, पोस्टाची पावती हीच पोच.

सावधान: या टप्प्यावर कोणी ‘नवीनच टाका, लवकर होईल’ असा सल्ला देईल. तो ऐकू नका. जुनं कार्ड प्रणालीत असताना नवीन टाकलं तर दुबार म्हणून दोन्ही अडकतात.

## टप्पा १०: उत्तर आलं नाही तर वर जा, पण पायरीने

आधी फोन. राज्याची मदतवाहिनी १९६७ आणि १८००-२२-४९५०. तक्रार क्रमांक घ्या आणि पोच प्रतीवर लिहा. फोनने काम होईलच असं नाही, पण तारखेनिशी नोंद राहते आणि पुढे तीच कामाला येते.

मग जिल्हा तक्रार निवारण अधिकारी. अन्नसुरक्षा कायद्याच्या कलम १५ खाली हे पद आहे, नाव आणि कक्ष जिल्हाधिकारी कार्यालयात विचारा. अर्जात पोच प्रत, पावत्या, स्क्रीनशॉट आणि तक्रार क्रमांक जोडा. धान्य न मिळालेल्या महिन्यांसाठी कलम ८ खालचा अन्नसुरक्षा भत्ताही इथेच मागा. सहज मिळत नाही, पण मागितला नाही तर त्याचा विचारही होत नाही.

नंतर राज्य अन्न आयोग. जिल्ह्याच्या निर्णयावर समाधान नसेल तर कलम १६ खालच्या या आयोगाकडे अपील. जिल्हा अधिकाऱ्याने सांगूनही कर्मचाऱ्याने दिलासा दिला नाही, तर कलम ३३ प्रमाणे आयोग त्याला ५,००० रुपयांपर्यंत दंड करू शकतो. नावं वाढवणं, कमी करणं, हरवलेल्या कार्डाची दुसरी प्रत अशा अर्जांवर मुदतीत काम झालं नसेल तर लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ खालचं पहिलं अपील वेगळं करता येतं. त्याला तीस दिवसांची मर्यादा आहे, ती चुकवू नका.

सोबतीला माहिती अधिकार. हे अपिलाच्या बदल्यात नाही, अपिलाला जोड म्हणून. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून तीनच प्रश्न विचारा: माझ्या शिधापत्रिकेवरील नावे कोणत्या तारखेला कमी केली, कोणत्या कारणाने, आणि कोणाच्या आदेशाने. आदेशाची प्रत मागा. उत्तर तीस दिवसांत द्यायचं असतं. यांपैकी एकाही प्रश्नाचं उत्तर ‘नोंद उपलब्ध नाही’ असं आलं, तर तोच कागद जिल्हा अधिकाऱ्यासमोर तुमचा सगळ्यात भक्कम पुरावा ठरतो.

हे सगळं चालू असताना दर महिन्याला दुकानात जात राहा आणि धान्य मिळालं नाही याची तारीख वहीत टिपत राहा. एखादं नाव शिल्लक असेल तर तेवढ्याचं धान्य उचला. ‘सगळ्यांचं सुरू होईपर्यंत घेणार नाही’ असा रुसवा धरला तर उरलेलं कार्डही सहा महिन्यांच्या नियमात सापडतं. नावं पूर्ववत झाल्याचा निरोप आला की दुकानात जाण्याआधी टप्पा २ करा: नावं मोजा, किलो मोजा, आणि त्या पानाचा स्क्रीनशॉट तारखेसह फाईलमध्ये ठेवा.